सरावातील शिरस्त्राण

अंगावर कवच घालून केलेले साहस खरे साहस म्हणावे काय, असा प्रश्न तरुण मंडळींच्या बोलण्यात पुष्कळदा निघतो. ‘ज्याला पडण्याची भीती वाटते त्याने डोक्याला टोपडे बांधावे, आम्हांला ते कशाला?’ ही भाषा दुचाकीवर ऐकू येते, मैदानावर ऐकू येते, आणि श्रावण जवळ आला म्हणजे गोविंदांच्या सरावातही ऐकू येते. वरवर पाहता ही थट्टा आहे. परंतु तिच्या बुडाशी एक मत दडलेले आहे. धैर्य आणि संरक्षण ही एकमेकांची वैरी होत, जितके संरक्षण अधिक तितके धैर्य उणे, असे ते मत. ते तपासून न पाहताच आपण पुढच्या पिढीच्या हाती देत आहो, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हुबळी-धारवाडच्या वाचकांना गोविंदांची चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्याकडे गोपाळकाला बहुधा देवळाच्या आवारात होतो. हंडी हाताच्या अंतरावर बांधलेली असते आणि काल्याचा प्रसाद घेऊन मंडळी घरी जातात. हे खरे आहे. परंतु आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, मुंबई, ठाणे येथे राहतात, आणि तेथील पथकांत हौसेने सामील होतात. शिवाय प्रश्न केवळ हंडीचा नाही. आपल्या भागात गरडी आहेत, कुस्तीचे आखाडे आहेत, जत्रेत भारी दगड उचलण्याच्या पैजा लागतात, आणि जवळच दांडेलीस काळी नदीच्या खळाळत्या पाण्यात राफ्टिंगसाठी आपलीच मुले जातात. शरीराची परीक्षा पाहणारे जेथे जेथे काही आहे, तेथे तेथे हा प्रश्न आहे. हंडीच्या निमित्ताने तो अधिक तीव्रपणे समोर आला आहे, इतकेच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुंबई-ठाण्याकडे गेल्या काही दशकांत हंडीचे रूप पालटले. गल्लीतील हंडी चौकात आली, चौकातील हंडीस लाखांची बक्षिसे लागली, आणि बक्षिसाबरोबर तिची उंची वाढत गेली. २०१२ साली ठाण्यात एका पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला. २०२५ साली त्याच ठाण्यात दहा थर लागले. हे पराक्रम लहान नव्हेत. त्यांमागे शिस्त आहे, परस्परांवरील विश्वास आहे, आणि गुरुपौर्णिमेस नारळ वाढवून आरंभिलेला कित्येक आठवड्यांचा सराव आहे. आम्हांस या तरुणांविषयी आदरच वाटतो.

परंतु चित्राची दुसरी बाजूही आहे. २०१४ साली नवी मुंबईत सानपाडा येथे सरावात पडून एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली, १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली, आणि शिरस्त्राण, सुरक्षापट्टा व खाली गाद्या यांची व्यवस्था करण्यास सांगितले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, परत आले, आणि २०१७ साली उच्च न्यायालयाने उंची व वय ठरविणे हे विधिमंडळाचे काम होय असे म्हणून आपली बंधने पुढे चालविली नाहीत. त्या वेळी १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेऊ दिले जाणार नाही, अशी हमी राज्य शासनाने दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये, गोपाळकाल्याच्या आधीच्या आठवड्यात, दहिसर येथे सरावात सहाव्या थरावरून पडून ११ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच ठाण्याचे दहा थर लागले, आणि वृत्तपत्रांतून त्यांचा जयजयकार झाला.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सानपाड्याचा मुलगा सरावात गेला. दहिसरचा मुलगाही सरावातच गेला. त्या दिवशी हंडी नव्हती, बक्षीस नव्हते, वाद्ये नव्हती. म्हणून आमच्या या लेखाचा रोख उत्सवापेक्षा सरावावर अधिक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संरक्षण घेणारा भित्रा, हे मत आपल्या परंपरेत कोठे आढळते काय? आम्ही पाहिले तेथे त्याच्या उलटच आढळले. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्यांनी आपल्या शिष्यांच्या विद्येचे प्रदर्शन रंगभूमीवर मांडल्याचे वर्णन आहे. तेथे शत्रू नव्हता. पुढे भीष्म, धृतराष्ट्र, गांधारी, कुंती व नगरजन बसलेले होते. म्हणजे तो एक प्रकारे परीक्षेचा प्रसंग होता. त्या प्रसंगी अर्जुन कसा आला? हाताला गोधेचे कातडे, बोटांना अंगुलित्राण आणि अंगावर सोन्याचे कवच, असा तो आला. धनुष्याची दोरी सुटताना मनगटाला व बोटांना जखम होते, म्हणून धनुर्धर ते संरक्षण बांधीत. रामायणात विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या वर्णनातही हेच अंगुलित्राण आहे. या दोन कुमारांना भित्रे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही.

इतिहासातील उदाहरण तर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढविले होते व मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असे बखरकार सांगतात. खानाचा वार त्या चिलखतावर निभावला. महाराजांनी ‘मी शूर आहे, मला चिलखत कशाला?’ असे म्हटले असते, तर पुढचा इतिहास काय झाला असता याची कल्पना करवत नाही. आणि चिलखत अंगरख्याखाली होते, याचाही विचार करावा. ते कोणाला दाखविण्यासाठी घातलेले नव्हते.

मग कवच उतरविल्याची उदाहरणे नाहीत काय? आहेत, आणि ती अधिक बोलकी आहेत. कर्णाने आपली जन्मजात कवचकुंडले उतरविली ती याचकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही या व्रतापायी. युद्धाच्या पहिल्या दिवशी, दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असता, धर्मराजाने कवच उतरविले, शस्त्रे खाली ठेविली आणि तो पायी भीष्मद्रोणांकडे गेला, तो वडील माणसांचा आशीर्वाद घेण्यासाठी. आशीर्वाद घेऊन परत आल्यावर त्याने ते कवच पुनः चढविले. एकाने दानासाठी कवच सोडले, दुसऱ्याने विनयासाठी. छाती दाखविण्यासाठी, टाळ्या मिळविण्यासाठी कोणा थोर पुरुषाने कवच सोडल्याचे उदाहरण आम्हांस आठवत नाही. कवच उतरविण्याला काही अर्थ यायचा असेल तर त्यामागे त्या कवचाहून मोठे असे काही असावे लागते. एक थर अधिक लावणे ही गोष्ट त्या तोलाची आहे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोणी म्हणेल, ही राजेमहाराजांची उदाहरणे झाली. आमच्या साध्या व्यायामशाळेत हे शिरस्त्राण वगैरे परकीय आहे. हेही बरोबर नाही. आपल्या व्यायामशाळा पाहाव्यात. आखाड्यातील तांबडी माती ही केवळ जमीन नव्हे. ती चाळलेली असते. तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. आणि रोज कुस्तीपूर्वी पहिलवान स्वतः फावड्याने ती उकरून भुसभुशीत करतात. हे कशासाठी? धोबीपछाड बसल्यावर पाठ मोडू नये, कातडे सोलले तर ते चिघळू नये म्हणून. पहिलवानाचा घट्ट लंगोट हेही एक संरक्षणच आहे. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात ते अंग घासून सोलू नये यासाठीही. फरीगदग्याचा खेळ पाहावा: तलवारीचे हात शिकवायचे, पण हाती तलवार न देता कातड्याने मढविलेला गदगा द्यायचा आणि दुसऱ्या हाती फरी द्यायची. आपल्या वस्तादांना शौर्य शिकवायचे होते, म्हणूनच शिकणारा जिवंत व धडधाकट राहिला पाहिजे हे त्यांना कळत होते. संरक्षण हा त्यांच्या विद्येचा भागच होता, आणि विशेष हे की तो सरावाचा भाग होता. खरी तलवार रणांगणावर, आखाड्यात गदगा.

आखाड्याची माती आणि आजचे शिरस्त्राण यांत तत्त्वाचा भेद नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. माणसाला इजा होते ती पडण्याने जितकी, तितकीच एकाएकी थांबण्याने. २० फुटांवरून सुटलेला देह जमिनीशी पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर असतो. ३० फुटांवरून तो ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास जातो. हुबळी-धारवाड रस्त्यावर याच वेगाने स्कूटर चालविताना डोक्यावर शिरस्त्राण नसेल तर पोलीस दंड करतो. काँक्रीटवर डोके आपटले की तो सारा वेग निमिषार्धात शून्य होतो आणि कवटीतील मेंदू आतून आदळतो. भुसभुशीत माती दबते, शिरस्त्राणाच्या आतील मऊ थर चेपतो, आणि थांबण्यास किंचित अधिक अवधी व किंचित अधिक अंतर मिळते. त्या किंचितावर कित्येकदा जन्ममरणाचा निकाल लागतो. जे काम मातीने पहिलवानाच्या पाठीसाठी केले, तेच काम शिरस्त्राण गोविंदाच्या डोक्यासाठी करते. आखाड्यातील माती सोडून आपण डांबरी रस्त्यावर आलो. तेव्हा मातीचे काम करणारे काही तरी डोक्यावर बांधणे हे परंपरेला धरूनच आहे.

पहिलवानाचा मोडलेला कान मात्र लोक अभिमानाने दाखवितात, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. दुखापतीची काही चिन्हे पुरुषार्थाची भूषणे मानली जातात, आणि ज्याने वर्षानुवर्षे मेहनत केली त्याचा मोडका कान पाहून आम्हांसही कौतुक वाटते. परंतु कान मोडला तरी मनुष्य कुस्ती खेळतो, संसार करतो, नातवंडांना खांद्यावर घेतो. मेंदूला व पाठीच्या कण्याला झालेली इजा ही भूषणाच्या जातीची नव्हे. ज्या जखमेतून मनुष्य शिकतो ती एक, आणि ज्या जखमेनंतर शिकणारा उरत नाही ती दुसरी. या दोहोंतील विवेक वस्तादाला असला पाहिजे.

आता सरावाविषयी. उत्सवाच्या दिवशी मोठ्या हंड्यांजवळ आता पुष्कळ व्यवस्था दिसते. एक्क्याच्या म्हणजे सर्वांत वरच्या मुलाच्या कमरेला वरून दोर असतो, डोक्याला शिरस्त्राण असते, रुग्णवाहिका उभी असते, पोलीस असतो, छायाचित्रकार असतो. सरावाच्या रात्री यांतील बहुतेक काहीच नसते. मंडळी दिवसभर नोकरी करून थकून आलेली असतात. माणसेही कमी असतात, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कारण थर कोसळतात तेव्हा भोवती दाटीने उभ्या असलेल्या माणसांचे हात व खांदे हीच खाली पडणाराची गादी असते. गादी जितकी विरळ तितकी जमीन जवळ. शिवाय नवा थर, नवा मुलगा, नवी रचना यांचे पहिले प्रयोग सरावातच होतात, आणि जे पहिल्यांदा करायचे ते फसण्याचा संभव अधिक. म्हणजे धोका उत्सवात एकदा, आणि सरावात रोज. तरीही आपण संरक्षण बांधतो ते उत्सवाच्या दिवशी.

असे का होते? आमच्या मते याचे उत्तर नीतीच्या प्रांतातले आहे. जे आपण लोकांच्या दृष्टीसमोर करतो आणि जे आपण कोणी पाहत नसता करतो, यांतील अंतर हेच आपल्या प्रामाणिकपणाचे माप होय. पूजेला सोवळे नेसणारा मनुष्य एकांतात कसा वागतो यावरून त्याची शुचिता कळते. तद्वतच पथकाला मुलाच्या जिवाची चाड किती आहे हे सरावाच्या रात्री कळते. कायद्याच्या भीतीने किंवा छायाचित्रासाठी बांधलेले शिरस्त्राण देहाचे रक्षण करील, पण ते बांधणाराच्या मनाची साक्ष देणार नाही. ती साक्ष सरावातले शिरस्त्राण देते.

या विचारावर तीन आक्षेप येतात. त्यांची उत्तरे न देता पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप भाविकांचा. ‘हे देवाचे काम आहे, देव सांभाळील.’ भक्ताने देवावर भार टाकावा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु देवाने सांभाळण्याची रीत कोणती, हे कृष्णचरित्रातच पाहावे. इंद्राने व्रजावर प्रलयाचा पाऊस पाडला तेव्हा ‘माझ्यावर विश्वास ठेवून भिजत राहा’ असे कृष्णाने गोपांना सांगितले नाही. त्याने गोवर्धन उचलला व सात दिवस तो गोपाळ, गाई आणि वासरे यांच्या डोक्यावर धरला. ज्या देवाने आपल्या सवंगड्यांच्या डोक्यावर डोंगराचे छत्र धरले, त्याच्या उत्सवात सवंगड्यांची डोकी उघडी ठेवणे ही भक्ती कशी म्हणावी? आणि भागवतात लोणी चोरणारा बाळकृष्ण शिंक्यापर्यंत पोचतो तो पाट, उखळ असले काही तरी मांडून. त्या कथेचे सार उंचीत नाही. चोरलेले लोणी तो एकटा खात नाही, वानरांनाही वाटतो, यात ते आहे. नऊ आणि दहा थर ही आपल्या काळातील स्पर्धेची देणगी आहे. स्पर्धा करण्यास हरकत नाही. मात्र स्पर्धेचा भार धर्माच्या खांद्यावर टाकू नये.

दुसरा आक्षेप खेळाडूंचा. ‘शिरस्त्राणाने अडचण होते; वरच्याचे टणक शिरस्त्राण खालच्याच्या तोंडावर आपटते, घाम येतो, दिसत नाही.’ या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो उडवून लावणाऱ्यांनी थर लावून पाहिलेले नसतात. परंतु यावर उपाय इतरत्र निघालेला आहे. स्पेन देशातील कॅटलोनिया प्रांतात माणसांचे मनोरे रचण्याची प्रथा दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तेथेही टोकावर लहान मूलच चढते, आणि तेथेही पूर्वी उघड्या डोक्याने चढण्याचीच रीत होती. २००६ साली मातारो गावी १२ वर्षांची एक मुलगी पडून दगावली. त्या लोकांनी प्रथा सोडली नाही आणि ‘आमची परंपरा’ म्हणून डोळेही मिटले नाहीत. खालच्या माणसाला इजा होणार नाही असे हलके, मऊ शिरस्त्राण त्यांनी मुलांसाठी स्वीकारले आणि ते सार्वत्रिक केले. मोटारसायकलचे शिरस्त्राण थरांत चालत नाही, म्हणून शिरस्त्राणच नको, असे म्हणण्यापेक्षा थरांत चालेल असे शिरस्त्राण करून घ्यावे, हा शहाणपणा झाला. त्यांची आणखी एक रीत आम्हांस फार आवडली. तेथे मनोरा उभा राहिला म्हणजे काम पुरे झाले असे मानीत नाहीत. तो सुखरूप उतरला म्हणजे पुरे झाले असे मानतात, आणि गुणही त्या हिशेबाने देतात. आपल्याकडे हंडी फुटली की सारे थर एकमेकांवर कोसळतात आणि त्यालाच आपण जल्लोष म्हणतो.

तिसरा आक्षेप विचारवंतांचा, आणि तो सर्वांत अवघड. ‘संरक्षण दिले की मनुष्य अधिक बेफिकीर होतो; मग संरक्षणाचा लाभ तो काय?’ १९७५ साली सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मोटारींतील सुरक्षासाधनांविषयी असाच मुद्दा मांडला होता. त्याच्या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण मनुष्यस्वभावाचे त्याने ओळखलेले हे अंग खोटे नाही. कॅटलोनियातही शिरस्त्राणे आल्यानंतरच्या काळात, २०१५ साली, पूर्वी कधीही न साधलेला चारचार जणांचा दहा थरांचा मनोरा एका मंडळाने साधला. शिरस्त्राणाने त्यांचे धैर्य खचले नाही हे यावरून दिसते. पण आक्षेप घेणारा म्हणेल की, पाहा, उंची वाढलीच! म्हणून आम्ही असे म्हणतो की, शिरस्त्राण म्हणजे आणखी एक थर चढविण्याचा परवाना नव्हे. ते मानेचे रक्षण करीत नाही, कण्याचे करीत नाही. जो थर उघड्या डोक्याने लावण्याची तयारी नाही, तो केवळ डोके झाकले म्हणून लावू नये. आणि जो थर लावण्याइतकी तयारी झाली आहे, तोही डोके झाकल्यावाचून लावू नये. संरक्षण आणि संयम ही दोन्ही बरोबर असावीत. एकाच्या नावाखाली दुसऱ्याला सुट्टी देता येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तामस कर्माचे लक्षण पाहावे. पुढे काय परिणाम होईल, काय नाश होईल, कोणाला इजा होईल आणि आपली शक्ती किती, यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले जे कर्म ते तामस, असा त्याचा आशय आहे. गीता शौर्याला तामस म्हणत नाही. शौर्य आणि युद्धातून न पळणे हा तर तिने क्षत्रियाचा स्वभावधर्म सांगितला आहे, आणि तोही त्याच अध्यायात. म्हणजे एकाच अध्यायात शौर्याची स्तुती आहे व अविचाराची निंदा आहे. दोहोंतील सीमारेषा विचार ही आहे. सरावापूर्वी परिणामाचा, हानीचा आणि शक्तीचा विचार करणे हेच त्या साहसाला तमातून वर काढणे होय, आणि शिरस्त्राण ही त्या विचाराची दृश्य खूण आहे.

अखेरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो न्यायाचा आहे. तीस वर्षांचा मनुष्य जाणूनबुजून आपला देह पणाला लावतो, तेव्हा त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणास किती, याविषयी मतभेद होऊ शकतील. देह त्याचा, निर्णय त्याचा. जरी त्या देहावर वृद्ध आईबापांचा, पत्नीचा व मुलांचाही हक्क आहे. परंतु अकरा वर्षांच्या मुलाने कोणता निर्णय घेतलेला असतो? तो वजनाने हलका असतो म्हणून वर चढविला जातो. ‘चढतोस काय रे?’ असे सर्वांसमोर विचारले असता कोणता मुलगा ‘नाही’ म्हणेल? त्याचे ‘होय’ हे धैर्य नव्हे. ते मोठ्यांना खूष करण्याची बालसुलभ इच्छा होय. खालचे थर आपल्या खांद्यावर भार घेतात याचा अभिमान बाळगतात, आणि तो योग्य आहे. पण सर्वांत मोठा धोका सर्वांत लहानाच्या वाट्याला येतो, हेही त्यांनी विसरू नये. अशा मुलाला थरांत घेऊ नये, हीच पहिली गोष्ट. जो वयात बसतो त्याला शिरस्त्राणावाचून, दोरावाचून आणि खाली गाद्या असल्यावाचून चढवू नये, ही दुसरी. दुसऱ्याचा जीव पणाला लावून आपण शूर ठरत नाही.

अलीकडे महाराष्ट्र शासनाने गोविंदांना विम्याचे संरक्षण दिले आहे; २०२२ साली मृत्यू आल्यास दहा लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. हे चांगलेच आहे. परंतु विमा दुर्घटनेनंतर घरी येतो, शिरस्त्राण दुर्घटनेच्या आधी डोक्यावर येते. या दोहोंतील क्रम आईबापांनी ध्यानी ठेवावा.

मग आपण काय करावे? आपल्या सभासद कुटुंबांना आमची विनंती साधी आहे. आपला मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईच्या पथकात, येथील आखाड्यात, नदीवर किंवा डोंगरावर कोणत्याही साहसाच्या तयारीला जात असेल तर त्याला अडवू नका. शरीर कमावणारी पिढी आपल्याला हवी आहे. परंतु फोनवरून जेवणखाणाची चौकशी करताना आणखी एक प्रश्न विचारा: सरावाच्या वेळी डोक्यावर काय असते? उत्सवाच्या दिवसाविषयी विचारू नका. सरावाच्या रात्रीविषयी विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर पथकाच्या प्रमुखाशी बोला, आणि बोलताना संकोच करू नका. देणगी मागण्यास कोणी मंडळ आले तर टी-शर्ट व वाद्यांऐवजी शिरस्त्राणांसाठी व गाद्यांसाठी देणगी द्या. आपल्या ओळखीचे कोणी वस्ताद असतील तर त्यांनी सर्वांदेखत स्वतः प्रथम शिरस्त्राण बांधावे. कारण ‘टोपडे’ म्हणून होणारी थट्टा मुलाच्या बोलण्याने थांबत नाही, वस्तादाच्या डोक्यावर ते दिसले म्हणजे थांबते.

येत्या गोपाळकाल्यास आपण देवळात जमू, दहीपोह्यांचा काला एकमेकांच्या हातावर ठेवू. त्या काल्यात लहानथोर असा भेद नसतो. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र होतात. ज्या घरातील मुले दूर कोठे तरी थर लावण्याची तयारी करीत असतील, त्या घरांच्या वतीने त्या दिवशी गोवर्धनधारी श्रीकृष्णाच्या चरणी एकच मागणे मागावे: आमच्या मुलांच्या ठायी वर चढण्याचे बळ असो, आणि त्यांना वर चढविणाऱ्या मोठ्यांच्या ठायी त्यांची डोकी झाकण्याची बुद्धी असो.